स्तोत्र ९१, प्लेगचा क्रूस आणि बाबांचं फॉरवर्ड

बावखल | २ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आज सर्व मृतात्म्यांचा दिवस. संध्याकाळी बाबांच्या कबरीवर झेंडू आणि दोन मेणबत्त्या ठेवून आले. वाऱ्याने एक विझली, ती शेजारच्या कबरीवरच्या मेणबत्तीवर परत पेटवून घेतली. घरी आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. त्या महिन्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे एक चित्र यायचं. ढाल, तलवार आणि सोनेरी अक्षरांत स्तोत्र ९१. खाली ओळ: हे एकवीस जणांना पाठवा, तुमच्या उंबऱ्याला मरी शिवणार नाही. आमच्या घरातल्या मराठी बायबलमध्ये त्या स्तोत्रात खरंच 'मरी' आहे, 'पटकी'सुद्धा आहे. वाचताना वाटतं, कोणी आपल्याच गावावर लिहिलंय. बाबा ते चित्र इमानाने एकवीस जणांना पाठवायचे. फॉरवर्ड कसं करायचं ते मीच त्यांना शिकवलं होतं.

मग खोकला, मग ताप, मग बोटाला लावायचं ते यंत्र ८४ दाखवायला लागलं. बेड मिळेपर्यंत दीड दिवस गेला. दफनाला आम्ही चौघं, सात-आठ पावलं लांब उभे राहिलेले फादर, आणि पांढऱ्या किटमधली दोन मुलं. दुसऱ्या दिवशी एका नातेवाइकाचा फोन. सांत्वनाचं सगळं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, "स्तोत्र रोज म्हणत होते ना गं?"

तो प्रश्न अजून कानात आहे. राग त्या नातेवाइकाचा येत नाही. राग येतो तो याचा की मलाही तोच प्रश्न पडला होता.

आता दुसरी बाजू. माझं आजोळ वांद्र्याचं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळ स्थानिक ख्रिस्ती समाजातलं. गावठाणात वळणावर एक दगडी क्रूस आहे, पायथ्याशी १८९७ कोरलेलं. आजी म्हणायची, हा प्लेगचा क्रूस, हा बसवला आणि प्लेग गेला. मोठी झाल्यावर वाचलं तर मुंबईत प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत सापडला आणि पुढे वीसेक वर्षं फिरून फिरून येतच राहिला. म्हणजे क्रूस बसवून प्लेग गेला नव्हता. बसवणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो परत परत आला. तरी त्यांनी क्रूस उपटून फेकला नाही. दर संध्याकाळी तिथेच मेणबत्ती लावत राहिले.

का? मूर्ख होते म्हणून? मला नाही वाटत. "भीतीच्या काळात विश्वासात स्थिर राहा" हे मी दर रविवारी मिस्सेत ऐकते. स्थिर म्हणजे नक्की काय, ते त्या माणसांना बहुतेक ठाऊक होतं. मला नाही. इथे कोणाला सांगता येईल का?

शंकेखोर | २ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ताई, वडिलांबद्दल वाईट वाटलं. मी नास्तिक आहे, तरी लिहितो, राग मानू नका.

प्लेग ओळखला डॉ. अकासियो व्हिएगास यांनी. लस केली हाफकिनने, ग्रँट मेडिकल कॉलेजात, आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. क्रुसाच्या नावावर यातलं काही जमा करता येत नाही. माणसं घाबरली की दगड उभा करतात, कोणी शेंदूर लावतं, कोणी मेणबत्ती. आणि ते एकवीसवालं चित्र ज्याने बनवलं त्याच्यावर गुन्हा दाखल करायला हवा होता.

गावठाण | २ नोव्हेंबर, रात्री ११:०२

@शंकेखोर, व्हिएगास गोव्याचे ख्रिस्ती होते हो. :) म्हणजे दोन्ही एकाच घरात नांदू शकतं.

@बावखल, आमच्या दारासमोरही असाच एक आहे. दर मे महिन्यात चुना लावणं आमच्याकडे. माझ्या पणजीकडून घरात आलेली गोष्ट सांगतो, इतिहासाच्या पुस्तकातली नाही. त्या काळात प्लेग कमिटीची माणसं घरोघर तपासणीला यायची. आजारी सापडला की उचलून इस्पितळात, आणि तिथून परत येणारे थोडे. म्हणून लोक आजारी माणूस माळ्यावर लपवायचे, शेजाऱ्यालाही पत्ता लागू द्यायचे नाहीत. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबई आठ लाख वीस हजारांची होती, त्यातली निम्म्याच्या आसपास माणसं १८९७ च्या सुरुवातीपर्यंत शहर सोडून गेली म्हणतात. जे उरले ते दारं लावून.

अशात संध्याकाळी क्रुसापाशी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. पणजी म्हणायची, रोजरीला डोळे मिटायचे नाहीत, मोजायचं. कोण आलं, कोण नाही. एखाद्या घरातलं दोन दिवस कोणी दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी त्या दारात कोणीतरी पेजेचं भांडं ठेवून यायचं. आत जायचं नाही, कडी वाजवायची आणि मागे फिरायचं. भांडं रिकामं बाहेर आलं तर माणूस जिवंत.

हजेरीची जागा होती ती. २०२० ला आम्ही तेच केलं, फक्त गच्चीतून. त्या वर्षी वांद्र्याच्या मोत मावलीची जत्रासुद्धा झाली नाही, पण रोजरी चुकली नाही. गच्चीत कोण आलं नाही ते बघून खालच्या दुकानदाराला फोन.

प्रवरेकाठी | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

सलाम.

मी नगर जिल्ह्यातला, प्रोटेस्टंट मंडळीतला निवृत्त मास्तर. आमच्याकडे क्रुसापाशी मेणबत्त्या लावत नाहीत, पण वरचं पेजेचं भांडं वाचून पहाटे उगाच चष्मा पुसत बसलो.

बाई, स्तोत्र ९१ बद्दल. हे स्तोत्र नव्या करारात एकदा मोठ्या प्रसंगी तोंडी येतं, आणि ते कोणाच्या? सैतानाच्या. मत्तय ४ आणि लूक ४ काढून पाहा. येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करून तो म्हणतो, खाली उडी टाक, कारण देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. हे ९१ चंच ११ वं आणि १२ वं वचन. शब्द खरे, पण वापर खोटा. आणि येशू काय म्हणतो? देवाची परीक्षा पाहू नको. उडी मारत नाही. जिन्याने उतरला असेल, असं मी पोरांना सांगत असे.

तेव्हा "एकवीस जणांना पाठवा म्हणजे मरी शिवणार नाही" हा त्याच शिरोभागावरचा सल्ला. तुमच्या वडिलांचा त्यात दोष नाही. त्यांनी दुसऱ्यांचं भलं चिंतून पाठवलं.

अजून एक. १५२७ साली जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येनाला हलवलं, आमच्या प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर मात्र मागे राहिला. घरात आजारी, बायको गरोदर. त्याच सुमारास ब्रेस्लाऊच्या पाळकांनी त्याला विचारलं, ख्रिस्ती माणसाने प्लेगपासून पळावं का? त्याचं उत्तर आपल्या मारुतीच्या शेपटासारखं लांब आहे, सार इतकंच: ज्याच्यावर कोणी विसंबून आहे (पाळक, अंमलदार, आईबाप, शेजारी) त्याने जागा सोडू नये. ज्याची गरज नाही त्याने खुशाल जावं, ते पाप नव्हे. औषध घ्या, घराला धुरी द्या, जिथे तुमचं काम नाही तिथे जाऊ नका, तुमच्या पायी दुसऱ्याला लागण व्हायची. औषध न घेता देवावर हवाला टाकणाऱ्यांना तो देवाची परीक्षा पाहणारेच म्हणतो. पाचशे वर्षांपूर्वी. मास्कच तेवढा राहिला.

शंकेखोर | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मास्तर, पत्र आवडलं. हे एकवीसवाल्या ग्रुपवर का नाही पाठवलं कोणी?

विझलेली_वात | ३ नोव्हेंबर, दुपारी १:१२

एरवी फक्त वाचते. आज लिहिते.

माझी आई आधीच्या लाटेत गेली. आमच्याकडे एक प्रार्थनागट यायचा. आई व्हेंटिलेटरवर असताना रोज फोनवर प्रार्थना. गेल्यावर त्यातल्या मुख्य बाई घरी आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "देव तर बरं करायला तयार होता, घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला." घरात आम्ही दोघीच होतो. म्हणजे मीच.

पाच महिने मी झोपताना मोजत होते, कुठल्या दिवशी माझा विश्वास कमी पडला असेल. त्यानंतर चर्चला पाय ठेवलेला नाही. "स्थिर राहा" म्हणणं सोपं आहे. ज्याच्या पायाखालची जमीन तुम्हीच काढून घेतली त्याने कशावर स्थिर राहायचं?

प्रवरेकाठी | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

लेकी, तुला त्या बाईंनी जे सांगितलं ते पवित्र शास्त्रातलं नाही. ते ईयोबाच्या मित्रांचं आहे. ईयोबाची पोरं गेली, गुरं गेली, अंगभर फोड. तिघे मित्र आले. पहिले सात दिवस गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरं केलं. मग तोंड उघडलं आणि पानंच्या पानं एकच पाढा: तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो कोणावर? देवाशी भांडलेल्या ईयोबावर नाही. ह्या तिघांवर. तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत, असं स्वच्छ म्हणतो. अध्याय ४२.

आणि स्तोत्र ९१ पाठ करणाऱ्यांनी तीनच पानं मागे जाऊन ८८ वाचावं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. शेवटपर्यंत काळोख. तरी ज्यांनी संग्रह केला त्यांनी ते गाळलं नाही, देवाच्या मंदिरात गायला ठेवलं. तू चर्चला जात नाहीस ना, नको जाऊ. पण ८८ तुझ्यासाठीही लिहून ठेवलंय, एवढं ध्यानात असू दे.

आता पंडिता रमाबाईंचं सांगतो, कारण भीती आणि विश्वास म्हटलं की मला केडगावच आठवतं. लोक रमाबाईंचा फोटो लावतात, आयुष्य वाचत नाहीत. १८७० च्या दशकातल्या दक्षिणेतल्या दुष्काळात वडील, आई, बहीण गेली. वडील अनंतशास्त्री डोंगरे म्हणजे वेदशास्त्र कोळून प्यालेला माणूस, व्रतं-दानं करता करता घर उपाशी मेलं. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, दोन वर्षंही पुरी होईनात तोच १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. मांडीवर दहा महिन्यांची मनोरमा. ह्या बाईने १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तेव्हा "देव संकटापासून वाचवतो" असल्या भाबड्या हिशेबाने ती ख्रिस्ती झाली नसणार, हे तिच्या घरातल्या मरणांची यादी केली तरी कळतं.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ. ती स्वतः मध्य प्रांतात गेली आणि शेकडो उपाशी पोरी-विधवा घेऊन आली. पुण्यात प्लेग, एवढ्या नव्या मुली शहरात ठेवायला बंदी. म्हणून केडगावच्या रानात, जिथे धड छप्पर नव्हतं, तिथे नेल्या. मुक्ती सदन उभं राहिलं ते असं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या घरात माणसं झाली. घाबरली नसेल? दुष्काळ म्हणजे काय हे अंगावर काढलेली बाई होती. मला तर वाटतं, घाबरली म्हणूनच बैलगाडी जुंपली.

शंकेखोर | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४०

यात एक भर, मास्तरांनी सांगितली नाही म्हणून. त्याच १८९७ मध्ये रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत बायका-मुलींचे कसे हाल होतात यावर 'बॉम्बे गार्डियन'मध्ये खरमरीत पत्र लिहिलं होतं. ज्या सरकारचा धर्म तोच आपला, त्याच सरकारविरुद्ध. विलायतेपर्यंत गाजलं ते. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. एकीचा देव एक, दुसरीचा सत्यशोधकी निर्मिक. जागा मात्र दोघींनी सोडली नाही. हे मला समजतं. 'कवच' वगैरे समजत नाही.

बावखल | ३ नोव्हेंबर, रात्री ८:२२

@विझलेली_वात, तुम्ही लिहिलंत म्हणून माझ्या मानेवरचं ओझं थोडं हललं. व्यक्तिगत निरोप केला आहे.

@प्रवरेकाठी, ८८ वाचलं. बाबांच्या बायबलमध्ये त्या पानावर खूण आहे. पेन्सिलने. तारीख नाही.

रात्रपाळी | ४ नोव्हेंबर, पहाटे ४:१०

ड्युटी संपायला वेळ आहे, ब्रेकमध्ये लिहितेय. मी नर्स, मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात. दोन्ही लाटांत कोविड वॉर्डला होते.

खरं सांगू का, त्या दिवसांत मी एकदाही "स्थिर" नव्हते. किट चढवताना रोज हात थरथरायचे. सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, चष्म्यावर वाफ. गाऊनच्या आत रोजरी बांधली होती पण हातमोज्यांच्या दोन थरांतून मणी लागायचे नाहीत. मग मी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" मोजमापाला वापरायला लागले. एका बेडपाशी थांबायची परवानगी स्वतःला एका प्रार्थनेइतकी. ज्याचं शेवटचं चाललंय त्याच्यापाशी तीन. हिंदू असो, मुसलमान असो, मी मनात म्हणायचे, त्यांना कळायचं नाही. आमचा वॉर्डबॉय मुसलमान, तो त्याची दुवा पुटपुटायचा. एकदा एकाच आजोबांच्या दोन बाजूंना आम्ही दोघं दोन भाषांत.

'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' पाशी मी नेहमी अडखळायचे. आज. उद्याची मागताच येत नाही त्या प्रार्थनेत. मला तेव्हा आजची पाळी निभावण्यापुरतंच हवं होतं, आणि तेवढं मिळालं. काही दिवस तेही नाही मिळालं, स्टोअररूममध्ये बसून रडले.

@बावखल, तुमच्या बाबांजवळ कोणीतरी असणार. आम्ही कोणाला एकटं मरू द्यायचं नाही असं आपसांत ठरवलं होतं. नेहमी जमलं असं म्हणणार नाही. पण बऱ्याचदा जमलं.

बावखल | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

🙏 अजून काही लिहवत नाही.

जनहित | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:००

रोगाचं ठीक आहे. पण आज ख्रिस्ती माणसाची भीती वेगळी आहे. घरातल्या प्रार्थनेला कोण येऊन काय म्हणेल याची. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना १९९९ च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला गाडीत जाळलं, ते विसरायचं का? त्यावर कोणी बोलणार की नाही? सगळे नुसते [संपादित]

संपादक मंडळ | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

शेवटचं वाक्य काढलं आहे. विषय मोकळा आहे, पक्षांची भांडणं दुसऱ्या धाग्यावर.

गावठाण | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

@जनहित, विसरायचं नाही. आणि त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्सना तर मुळीच नाही. त्यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं हे सगळ्यांना आठवतं. त्याहून मला विलक्षण वाटतं ते हे की त्या लगेच परत गेल्या नाहीत. मुलीला घेऊन बारीपाद्यात राहिल्या, कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं, २००४ मध्ये तिथे इस्पितळ उभं राहिलं. मगच ऑस्ट्रेलियाला गेल्या. पाच वर्षं त्याच रस्त्यांनी भाजी आणायला जाणं कसं असेल, विचार करतो.

अवांतर: २७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस भर पावसात रिकाम्या चौकात एकटे उभे राहिले होते ते पाहिलं असेल. तिथे जो लाकडी क्रूस आणला होता, तो १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांवरून मिरवलेला. म्हणजे तोही प्लेगचा क्रूसच. आणि वाचन होतं मार्क ४, वादळातल्या होडीचं.

खलाशी_उत्तन | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५५

होडीचं निघालं म्हणून बोलतो. मी उत्तनचा कोळी, बापजाद्यांपासून ख्रिस्ती, बोट आहे.

मार्कच्या त्या गोष्टीत येशू वरामावर उशी घेऊन झोपलेला असतो. वराम म्हणजे बोटीची मागची बाजू. बोट पाण्याने भरतेय, हे ओरडतात, गुरुजी, आम्ही बुडतोय याची तुम्हाला पर्वा नाही का? फादर लोक म्हणतात बघा त्यांचा विश्वास कमी. मी म्हणतो, चौघे तरी त्यात जातीचे मासेमार होते. मासेमार घाबरला म्हणजे पाणी खरंच तसं असणार. न घाबरणाऱ्या खलाशाला मी बोटीवर घेत नाही, तो सगळ्यांना बुडवतो.

आता नांगराचं. इब्री लोकांच्या पत्रात, सहाव्या अध्यायात, आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. रोममधल्या त्या जुन्या ख्रिस्ती भुयारी कबरींवरही नांगर कोरलेले आहेत, फोटो पाहिलेत. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं, कोविड चालूच होता. आदल्या दिवशी बोटी आत घेतल्या, जेवढ्या घेता आल्या तेवढ्या. माझी खाडीच्या तोंडाशी नांगरावर होती. रात्रभर किनाऱ्यावरून बॅटरी मारून बघत होतो. लोकांना वाटतं नांगर टाकला की बोट एका जागी गप्प उभी राहते. छे. नांगरावरची बोट इतकी नाचते की बघवत नाही. नाळ, म्हणजे बोटीची पुढची बाजू, वर जाते, आपटते, सगळी फिरते, तोंड वाऱ्याकडे करते. फक्त वाहून जात नाही.

आणि वारा वाढला की नवशिका दोर आखडतो, बोट जवळ घट्ट धरावी म्हणून. तिथेच नांगर निघतो. वारा वाढला की दोर सोडायचा असतो. जास्त सोडायचा. नांगर जमिनीला आडवा ओढला गेला पाहिजे, तर तो रुततो.

तेव्हा बाय, तुझ्या त्या नातेवाइकाला सांग, बाबांची बोट नाचली म्हणजे नांगर नव्हता असं नाही.

प्रवरेकाठी | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

खलाशीदादा, कबुली देतो. मी कोरडवाहू मुलखातला. इब्रीकरांसच्या पत्रातला 'जिवाचा नांगर' हा मी चाळीस वर्षं शेताचा नांगर समजत होतो! समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. रविवारच्या शाळेत पोरांना शिकवलंसुद्धा, की आशा मनाची ढेकळं फोडते म्हणून. कोणी हसलं नाही, कारण वर्गात सगळीच शेतकऱ्यांची.

बचावासाठी एवढंच: लूकमध्ये शेताचा नांगरही आहे, नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याचा. तो धरून सरळ चालत राहायचं असतं. मराठीत दोघांना एकच शब्द मिळाला, काय करणार.

विझलेली_वात | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

@खलाशी, दोर किती सोडायचा?

खलाशी_उत्तन | ५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

पाणी दहा वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढी लांबी) असेल तर साध्या दिवशी तीस वाव. वादळात पन्नास-साठ, जेवढा असेल तेवढा. म्हणून दोर नेहमी जास्तीचा बाळगायचा. कमी पडला तर शेजारच्या बोटीवाल्याकडून घेऊन गाठ मारायची, त्यात लाज नाही.

बावखल | ५ नोव्हेंबर, रात्री १०:०५

आज आजोळी गेले होते. संध्याकाळी क्रुसापाशी बसले. रोजरीला सात बायका आणि एक कुत्रा. डोळे मिटले नाहीत, मोजलं. कोपऱ्यावरच्या घरातल्या मावशी नव्हत्या. विचारलं तर कळलं, दोन दिवस दिसल्या नाहीत, गुडघा धरलाय. जाताना त्यांच्याकडे डोकावून आले. पेज नव्हती जवळ, पाव नेले.